रुतलेली गाडी ओढताना आधी काय तुटणार?

आमच्या आजोबांच्या गोठ्यात खुंटीला चार-पाच तऱ्हेच्या दोऱ्या टांगलेल्या असायच्या आणि कुठली कशाला हे त्यांना कधी विचारावं लागलं नाही, दावं जनावर बांधायला, कासरा बैल हाकायला, नाडा मोटेला. मोटेला कासरा लावला तर काय होईल हे सांगायला इंजिनियर लागत नव्हता. आणि आपण पंधरा-वीस लाखांची फोर बाय फोर घेतो आणि डिकीत असते एकच दोरी, ती पण कुठल्यातरी ट्रकवाल्याकडून ताडपत्री बांधायची घेतलेली, नाहीतर तो पिवळा पट्टा ज्याच्या दोन्ही टोकांना लोखंडी हुक असतो, आणि तीच सगळीकडे वापरतो.

मी पण तेच करायचो. काही पावसाळ्यांपूर्वी मावळात एका भातखाचराच्या कडेला मित्राची गाडी पोटापर्यंत बसली, तो पिवळा पट्टा काढला, दुसरी गाडी पुढे लावली, दोन झटके दिले, तिसऱ्याला हुक सरळ झाला आणि उडून पुढच्या गाडीच्या मागच्या काचेतून आत घुसला. त्या मागच्या सीटवर पाच मिनिटं आधी एक पोरगं बसलं होतं, कंटाळून खाली उतरलं म्हणून वाचलं. दुकानात मला सांगितलेलं की पट्टा ५ टनाचा आहे आणि ते खोटंही नव्हतं, पट्टा शाबूत होता, गेला तो हुक.

तेव्हापासून मी दुकानात "किती टनाचा आहे" हे दुसरं विचारतो. पहिला प्रश्न असतो की या सगळ्या जोडणीत, म्हणजे या गाडीचा हुक, शॅकल (पिनने बंद होणारी यू आकाराची लोखंडी कडी), दोर, परत शॅकल, त्या गाडीचा हुक, यात सगळ्यात आधी काय तुटणार, आणि तुटलं की ते उडून कुठे जाणार. कारण काहीतरी कधीतरी तुटणारच आहे हे धरून चाला. तुटणारी वस्तू हलकी आणि मऊ असेल तर बरं, लोखंडाची असेल तर वाईट.

आता झटक्यात नेमकं काय होतं ते बघू, थोडं गणित आहे पण सोपंय. दोन टनाची गाडी ताशी १० किलोमीटरने निघाली, म्हणजे माणूस हळू पळतो तेवढाच वेग, तर तिच्यात साधारण ७,७०० ज्यूल ऊर्जा असते. ज्यूल म्हणजे काय ते सोडून द्या, क्रिकेटचा बॉल घ्या, १४० च्या स्पीडने आलेला सीझन बॉल साधारण १२० ज्यूलचा असतो. म्हणजे साठ-पासष्ट फास्ट बॉल एकदम, आणि ते पण जॉगिंगच्या वेगाला. ताशी २० ने गेलात तर ही ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते, म्हणून "जरा जोरात घे रे" म्हणणाऱ्या माणसाला आधी बाजूला बसवा.

ही ऊर्जा दोराला जिरवायची असते आणि ती किती अंतरात जिरते यावर सगळा खेळ आहे. कॅच घेताना आपण हात मागे नेतो ना, तेच. ९ मीटरचा ताणणारा दोर २ मीटर ताणला गेला आणि त्यात ती सगळी ऊर्जा गेली तर सरासरी ओढ पडते साधारण ४०० किलोची. तीच ऊर्जा साखळीने किंवा वायर रोपने, जे जेमतेम ५ सेंटिमीटर देतील असं समजा, थांबवली तर ओढ जाते १५ टनांच्या वर. गाडी तीच, वेग तोच, ड्रायव्हर तोच. आणि ही सरासरी झाली, शेवटच्या क्षणाचा ताण त्याच्या दुप्पटही होतो. साखळीने झटका द्यायचा नाही असं जे जुनेजाणते सांगतात त्यामागचं गणित एवढंच आहे, साखळी कितीही जाड असली तरी.

मग दोर कुठला घ्यायचा. झटका देऊन काढायचं असेल तर नायलॉनचाच, कारण नायलॉन ताणतं. गोल विणलेला असेल त्याला काइनेटिक रोप म्हणतात, तो ३० टक्क्यांपर्यंत ताणतो, आणि चपटा पट्टा असेल तो स्नॅच स्ट्रॅप, तो साधारण २० टक्के. रबराच्या बँडसारखं ताणून परत येताना तो रुतलेल्या गाडीला ओढून घेतो, हिसका न बसता, बघायला पण मजा येते. याउलट टो स्ट्रॅप पॉलिएस्टरचा असतो, तो फार ताणत नाही, बंद पडलेली गाडी रस्त्यावरून हळूहळू गॅरेजपर्यंत न्यायला तो बरोबर आहे, चिखलातून हिसका द्यायला नाही. आणि विंचचा, म्हणजे गाडीला बसवलेल्या, ड्रमवर दोर गुंडाळत ओढणाऱ्या यंत्राचा सिंथेटिक रोप, ज्याला सगळे डायनीमा म्हणतात, तो तर जवळजवळ ताणतच नाही, विंचला तसाच हवा असतो. दिसायला तिन्ही रंगीबेरंगी, दुकानात एकाच खिळ्याला लटकलेले, आणि तिथेच घोळ होतो.

हार्डवेअरच्या दुकानात "नायलॉन दोरी" म्हणून जी निळी-पिवळी मिळते ती बऱ्याच वेळा नायलॉन नसतेच, पॉलिप्रॉपिलीन असते. घरी बघायचं असेल तर तुकडा बादलीत टाका, तरंगला तर नायलॉन नाही, कारण नायलॉन पाण्यात बुडतं. बुडला म्हणजे नायलॉनच असं मात्र नाही, पॉलिएस्टर पण बुडतं, त्यामुळे बादली फक्त नापास करू शकते, पास लेबलच करणार. बिनलेबलाचा दोर मी फुकट दिला तरी घेत नाही. लेबलवर काय हवं, तर कशाचा बनलाय, लांबी किती, आणि तुटायची ताकद किती. ऑस्ट्रेलियात असे पट्टे विकताना त्यावर इशारे आणि सूचना छापणं कायद्यानेच बंधनकारक आहे, तिकडे यात माणसं मेल्यावर हे झालं, आपल्याकडे दुकानदाराच्या तोंडच्या शब्दावर चालतं.

ताकद किती हवी? दोन्ही गाड्यांमधली जी हलकी असेल तिच्या भरलेल्या वजनाच्या दुप्पट ते तिप्पट. भरलेलं म्हणजे माणसं, डिझेल, तंबू, कॅरियरवरचा फापटपसारा सगळं धरून जास्तीत जास्त वजन, ते गाडीच्या कागदावर असतं. जिमनीचं ते १,५४५ किलो आहे, म्हणजे तिला ३ ते साडेचार टनांचा दोर पुरतो. थारसारखी गाडी भरून सव्वादोन टन धरली तर साडेचार ते पावणेसात टन. फॉर्च्युनर पावणेतीन टनांकडे जाते, तिला साडेपाच ते सव्वाआठ. आता इथे लोक म्हणतात, मग १४ टनाचाच घेऊन टाकतो ना, कशाला कटकट. जिमनीला १४ टनाचा दोर लावलात तर जिमनीच्या वजनाने तो फारसा ताणलाच जाणार नाही, म्हणजे तुम्ही पैसे नायलॉनचे दिले आणि बांधली साखळी. जास्त ताकदीचा दोर हलक्या गाडीला घातक असतो हे मला पटायलाच सहा महिने लागले.

आकड्यांमधला अजून एक घोळ आहे आणि तो दुकानदारांनाही माहीत नसतो. दोरावर लिहिलेले टन म्हणजे तुटायचे टन असतात. शॅकलवर लिहिलेले टन म्हणजे रोज उचलायला चालतील असे टन, आणि तुटायची मर्यादा त्याच्या कितीतरी पट वर, चांगल्या शॅकलला सहसा सहापट. म्हणजे ४.७५ टन कोरलेली शॅकल साडेअठ्ठावीस टनांच्या आसपास जाऊन तुटते. आता ८ टनाचा दोर आणि ४.७५ ची शॅकल बघून लोकांना वाटतं शॅकल कमी पडतेय, प्रत्यक्षात दोर आधी तुटणार आणि शॅकल जागेवर राहणार, आपल्याला तेच हवंय. पण हे कोरलेल्या, बनवणाऱ्याचं नाव असलेल्या शॅकलपुरतं. बिनआकड्याच्या चकचकीत शॅकलचं सहापट किंवा एकपट काहीच सांगता येत नाही, ती फार तर किचेन म्हणून वापरा. क्रेनवाले जिथून उचलाठेवीचं सामान घेतात तिथून घेतलेली शॅकल दिसायला ओबडधोबड पण भरवशाची असते, मुंबईत नागदेवी स्ट्रीटला चक्कर मारलीत तर मी काय म्हणतोय ते कळेल. पिन पूर्ण आवळायची आणि पाव फेरा मागे घ्यायची, नाहीतर ओढ पडल्यावर ती अशी बसते की पाना लावूनही निघत नाही.

मी स्वतः आता जिथे जमेल तिथे सॉफ्ट शॅकल वापरतो, म्हणजे त्याच डायनीमाच्या दोराचा गाठीचा फास. वजनाला नगण्य, पाण्यात तरंगते, त्यामुळे ओढ्यात पडली तरी सापडते, आणि मुख्य म्हणजे तुटली तर किलोभर लोखंड उडत नाही. पण तिचं एक दुखणं आहे, धारदार कड आणि उष्णता. कापलेल्या लोखंडी पट्टीच्या काठावर लावली तर सुरीने कापल्यासारखी जाते, तिथे लोखंडीच हवी. आणि दोन दोर जोडायची वेळ आली तर मध्ये लोखंडी शॅकल अजिबात नको, कारण कुठलाही एक तुटला की ती मधली शॅकल दुसऱ्या दोराच्या टोकाला गलोलीतल्या दगडासारखी निघते. गाठ पण मारू नका, गाठीत दोराची ताकद निम्म्यावर येऊ शकते आणि वर ती सुटतच नाही, मग कोयता शोधत बसा.

आता सगळ्यात दुर्लक्षित भाग, गाडीला लावायचं कुठे. तुम्ही दोर कितीही भारी घेतलात आणि तो ज्याला अडकवलाय तेच बंपरसकट निघालं तर काय उपयोग. छोट्या एसयूव्ही आणि कारमध्ये बंपरवरचं झाकण काढून स्क्रू करायचा एक रिंगवाला बोल्ट येतो, तो बंद गाडी सपाट रस्त्यावर सरळ ओढायला आहे, चिखलातल्या हिसक्याला नाही, आणि तिरकं ओढलंत तर वाकतोच. काही गाड्यांच्या खाली पत्र्याच्या बारीक कड्या असतात, त्या ट्रेलरवर किंवा जहाजात गाडी बांधून ठेवायला, त्यांना हात लावू नका. एक्सल, स्टिअरिंगचे रॉड, सस्पेन्शन यांना दोर गुंडाळणारे महाभाग मी बघितलेत, गाडी निघते पण नंतर सरळ चालत नाही. चॅसिसला बोल्टने पक्का बसवलेला, ताकद लिहिलेला पॉइंट असेल तोच खरा, आणि तो नसेल तर दोर घ्यायच्या आधी तो बसवून घ्या, हे पैसे पहिले खर्च करा.

आणि टो बॉल, म्हणजे मागचा तो ट्रेलर लावायचा लोखंडी गोळा, त्याला दोर अडकवायचा मोह सगळ्यांना होतो कारण तो समोरच दिसतो आणि फास बसतो पण छान. तो गोळा ट्रेलरची संथ ओढ घ्यायला बनवलेला असतो, हिसक्याने त्याची मान तुटते आणि मग तो तोफेचा गोळा होतो, हे मी अलंकारिक बोलत नाहीये, ऑस्ट्रेलियात अशा गोळ्याने माणसं गेलीत. गोळा चौकोनी नळीत बसवलेला असेल तर तो काढून त्याच नळीत शॅकलचा ब्लॉक बसवता येतो, तो घ्या.

विंचबद्दल थोडक्यात, कारण विंच घेणाऱ्यांपैकी निम्मे लोक ती फोटोसाठी घेतात. गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दीडपट तरी क्षमता हवी, आणि लक्षात ठेवा की लिहिलेली क्षमता ड्रमवर दोराचा शेवटचा एकच थर उरलेला असतानाची असते, ड्रम भरलेला असेल तर ओढ बरीच कमी मिळते. कप्पी लावून दोर परत गाडीकडे आणला तर ओढ जवळजवळ दुप्पट आणि वेग निम्मा. विंचला ताणणारा दोर जोडू नका, ताण साठत जातो आणि कुणाला दिसत नाही. झाडाला बांधायचं तर रुंद पट्टा वापरा, विंचचा दोर थेट झाडाला गुंडाळला तर साल सोलली जाते आणि आंब्या-ऐनाचं झाड पुढच्या वर्षी वाळतं, शिवाय तो दोर स्वतःवरच घासून जातो. सड्यावर, म्हणजे कोकणातल्या उघड्या कातळी पठारावर गेलात तर झाड पण नसतं आणि कातळ पण जांभ्याचा, मग विंच घेऊन करायचं काय हा प्रश्न निघायच्या आधी विचारा. आणि एक सरकारी भानगड, विंचसाठी लोक जे मोठे लोखंडी बंपर लावतात त्यावर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच कारवाई करायला राज्यांना सांगितलंय, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, त्यामुळे चौकात पावती फाटली तर मला आठवू नका.

दोन्ही बाजूंच्या दोन पॉइंटना पट्टा लावून मधून ओढतात ना, त्रिकोण करून, त्यात पट्टा पुरेसा लांब हवा. दोन पायांमधला कोन ६० अंश असेल तर प्रत्येक पायावर निम्म्याहून थोडी जास्त ओढ येते, पण आखूड पट्ट्याने तो १२० अंश झाला तर प्रत्येक पायावर पूर्ण ओढ येते. म्हणजे वाटून घेतलं असं वाटतं आणि वाटलं काहीच जात नाही.

खरं सांगायचं तर या सगळ्या सामानाच्या आधी फावडं घ्या. अमेरिकी लष्कराच्या हिशोबात चाकापर्यंत रुतलेल्या गाडीला काढायला तिच्या वजनाएवढी ओढ लागते आणि मडगार्डपर्यंत गेलेल्या गाडीला दुप्पट. म्हणजे दहा मिनिटं चाकांपुढचा आणि पोटाखालचा गाळ काढलात तर तुम्ही ओढच निम्मी केलीत, फुकट. तसंच टायरची हवा, वाळूत १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवली की टायर पसरतो आणि निम्म्या गाड्या दोराशिवाय निघतात, फक्त परत भरायला छोटा कंप्रेसर जवळ हवा आणि भरेपर्यंत जोरात वळायचं नाही. ट्रॅक्शन बोर्ड, म्हणजे चाकाखाली टाकायच्या त्या दातेरी फळ्या, त्या एकट्या माणसाला सगळ्यात जास्त कामाच्या, कारण दुसरी गाडीच लागत नाही. चाक त्यावर गरागरा फिरवू नका, दाते वितळतात, आणि मागे कुणी उभं नको कारण फळी मागे सटकते. गोव्यात नाहीतर कोकणात किनाऱ्यावर गाडी घालून भरतीच्या वेळी हा प्रयोग करणाऱ्यांसाठी माझ्याकडे सल्ला नाही, त्यांना पोलीस देतील.

ओढताना दोरावर मध्यावर काहीतरी जड टाकतात, डॅम्पर मिळतो, नाहीतर ओली गोधडी, गाडीतले मॅट. त्याने तुटलेला दोर थोडा खाली पडतो पण लोखंड सुटलं तर गोधडी ते अडवणार नाही, त्यामुळे तिच्या भरवशावर जवळ उभं राहू नका. दोराच्या लांबीच्या दीडपट लांब, आणि बाजूला, रेषेत नाही. आपल्याकडे हे सगळ्यात अवघड कारण गाडी रुतली की अर्धं गाव जमतं, चार पोरं मागून धक्का मारायला येतात, एक जण दोर ओलांडून फोटो काढतो. दोर लावायच्या आधी सगळ्यांना लांब करा, शिव्या खायला लागल्या तरी चालेल. दोर ताणला असताना त्यावरून पाय टाकायचा नाही, आणि गाड्यांमध्ये ड्रायव्हर सोडून कुणी नाही.

वापरून झाल्यावर दोर साध्या पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, आतली माती-वाळू दोराला आतून कापत असते. ओलं नायलॉन दहा-पंधरा टक्के ताकद हरवतं, आणि सलग तीन-चार झटके दिले की तो तापतो, मध्ये त्याला दम खाऊ द्या.

आणि शेवटी, आपल्याकडे नव्वद टक्के वेळा येतो तो ट्रॅक्टरच, कुठल्याही विंचपेक्षा भरवशाचा, आणि तो येतो साखळी घेऊन. तिथे भांडू नका, नम्रपणे आपला दोर पुढे करा. "मामा, साखळी राहू द्या, ही लावू." मामा ती बोटाएवढी दोरी बघून हसणार, हसू दे. दोर त्यांच्या ट्रॅक्टरला मागे खालच्या आडव्या पट्टीलाच लावायला सांगा, वर सीटजवळ किंवा लिंकेजला, म्हणजे अवजारं जोडायच्या दांड्यांना नाही, कारण ओढ वरून बसली की ट्रॅक्टर पुढची चाकं उचलून मागे उलटतो आणि मामा खाली सापडतात. मागच्या वर्षी ताम्हिणीच्या पायथ्याला असंच झालं, मी चार वेळा सांगितलं हळू घ्या, मामांनी पहिल्या गिअरला सावकाश घेतलं, दोर लांब होत होत गेला आणि गाडी दहीभातातून चमचा निघावा तशी वर आली. त्यांनी उतरून दोर हातात घेऊन दोनदा ताणून बघितला आणि विचारलं, "कुठं मिळतोय हा?"